तिच्या मण्यावरची सपाट चांदी

नांदेडला आमच्या प्रयोगशाळेत गाइड सरांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक प्रिंट चिकटवलेली होती. राखाडी रंगाची, वहीच्या पानाएवढी. नवख्या माणसाला ती ढगाळ आभाळाच्या फोटोसारखी वाटली असती. आम्हाला मात्र त्यात पायऱ्या दिसायच्या, एकेका अणूच्या उंचीच्या, आणि दोन पायऱ्यांमधली जागा सारवलेल्या अंगणासारखी सपाट. सोन्याच्या स्फटिकावर वाढवलेली चांदी होती ती.

ती माझी नव्हती. माझ्यानंतर वर्षभरानं पीएच.डी.ला आलेल्या लातूरच्या मुलीची होती. रोज सकाळी मी सरांना नमस्कार करायला आत जायचो, आणि माझी नजर त्यांच्या खांद्यावरून त्या प्रिंटवर जायची. सर मला म्हणाले होते, "तुझीपण लावू की रे, येऊ दे." ते मनापासून म्हणाले होते. मला ते टोचलं.

आमचं काम समजायला अवघड नाही. सोन्याची बारीक तार बर्नरच्या ज्योतीत धरायची. टोक वितळतं, थेंबासारखं गोळा होतं, आणि थंड होताना त्या मण्यावर आरशासारखे चिमुकले गोल चकाकू लागतात. त्या गोलांत सोन्याचे अणू ओळीनं, एकही जागा न सोडता बसलेले असतात. मग तो मणी काचेच्या एका छोट्या भांड्यात सोडायचा. त्या भांड्याला आम्ही सेल म्हणायचो. सेलमध्ये पातळ आम्ल, आणि आम्लात विरघळलेली थोडीशी चांदी. अगदी हलका विद्युतदाब दिला की चांदीचे अणू एकेक करून सोन्यावर उतरायला लागतात. नंतर मणी धुऊन, एका अतिशय टोकदार सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि बघायचं, चांदी कशी बसली.

उतरलेला अणू पडल्या जागी बसत नाही. तो भटकतो. दुसरा भेटला की दोघं थांबतात, तिसरा येतो, आणि सोन्यावर चांदीचं बेट तयार होतं. आता एखादा अणू त्या बेटाच्या डोक्यावर पडला तर त्यानं काठावरून खाली उतरावं, म्हणजे पहिला थर पुरा भरतो. पण काठावर क्षणभर त्याला धरायला शेजारी कमी असतात. तो बिचकतो, मागं फिरतो, आणि वरच दुसरा मजला सुरू करतो. मग त्यावर तिसरा. थर राहतो बाजूला, ढिगारे उभे राहतात.

माझे वडील देगलूरच्या मोंढ्यात धान्याची पोती वाहणारे हमाल होते. एकदा घरी मी त्यांना माझे ढिगारे लॅपटॉपवर दाखवले. तो लॅपटॉपही सरांनीच दिलेला, त्यांचा जुना. वडिलांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "अशी थप्पी लावली असती तर मुकादमानं हाकलून दिलं असतं. खालची ओळ भरू दे की तिला आधी."

"भरत नाही ना दादा ती."

"मग कोण भरून राहिलंय?"

मी लॅपटॉप मिटला.

मला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकतो. बंगळुरूला एका मोठ्या प्रयोगशाळेत स्टीलचं एक बंद भांडं आहे. त्यातली हवा इतकी काढलेली असते की आत जवळजवळ काही उरत नाही. त्या पोकळीत एका धातूच्या स्फटिकावर दुसऱ्या धातूची वाफ हळूहळू सोडतात, आणि पृष्ठभागाला घासून जाणारे इलेक्ट्रॉन एका हिरव्या पडद्यावर ठिपके उमटवतात. थर अर्धा भरला की ठिपका मंद होतो, पुरा भरला की उजळतो. म्हणजे थर वाढताना, तिथल्या तिथं दिसतो. आम्ही नांदेडला जे करायचो ते वाढून झाल्यावर बघायचो, लग्न लागून गेल्यावर मांडवात गेल्यासारखं. एम.एस्सी.च्या पुस्तकात त्या भांड्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हापासून मला तिथं जायचं होतं.

त्या वर्षी तिथल्या एका शास्त्रज्ञांकडं एका वर्षासाठी एका विद्यार्थ्याची जागा निघाली. ते हिवाळ्यात लातूरच्या एका कॉलेजात चर्चासत्राला येणार होते. सर आम्हा दोघांना बसवून म्हणाले, "दोघंही मांडा. मी कुणाचीच शिफारस करणार नाही. ज्याचं काम त्यांना पटेल त्याला ते नेतील." माझी शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपत होती. मला ही एकच संधी होती. तिच्या हातात अजून वेळ होता, पण तिलाही जायचं होतं, आणि का जाऊ नये, हेही मला कळत होतं. कळल्यानं काही कमी होत नाही.

माझा सगळा भरवसा स्वच्छतेवर होता. किनवटच्या निवासी शाळेत मी शिकलो. तिथं वॉर्डन सर रोज सकाळी आमची नखं आणि ताटं तपासायचे. त्या शाळेनं मला अन्न दिलं, अक्षर दिलं आणि घासायची सवय दिली. आमच्या कामात कणभर मळही चालत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. मी काचेची भांडी आम्लात भिजवायचो, उकळायचो, गाळलेलं पाणी पुन्हा गाळायचो. विभागात माझ्याइतका स्वच्छ सेल कुणाचाच नव्हता.

ती फोन खांद्यात दाबून आईशी बोलत बोलत मणी ज्योतीत धरायची. डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाऊन हात पुसल्यासारखे करून मोजे चढवायची. मला घासताना बघून म्हणायची, "दादा, इतकं घासू नका. काच झिजून एक दिवस हात आरपार जायचा."

"तुमचं काय जातंय, मॅडम?"

"माझं काय जाणार? पाणी संपवता तुम्ही सगळं."

दसऱ्यापर्यंत तिचेही ढिगारेच होते, हे मी विसरायला तयार नव्हतो.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा व्हायची. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते मारुतीचे मोठे भक्त. त्यामुळं आमच्याकडं हळदीकुंकवाबरोबर शेंदूरही असायचा, तेलात कालवलेला. पंपाला बोट, तराजूला बोट, कॉम्प्युटरलाही. माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी म्हणालो, "मामा, माझ्याकडं नको. आजोबांनी धम्म घेतल्यापासून आमच्यात असलं काही नाही."

"हाव, माहीत हाय मला. दरसाल इचारतो, आपलं काम म्हणून. पेढा तर घ्या."

पेढा मी घेतला. ती शेजारून म्हणाली, "मामा, त्यांचा वाटा माझ्या सेलला लावा. झाकणाला, चांगला ठसठशीत."

मामांनी तिच्या सेलच्या टेफ्लॉनच्या पांढऱ्या झाकणावर, मण्याची तार ज्या भोकातून आत जाते त्याच्या शेजारीच, जाडसर बोट ओढलं. "पण ताई, पुसायचं न्हाई बरं का. आपसूक जाऊ द्यायचं."

"पुसते होय मी? घरी बाबा ओरडतील."

दसऱ्याच्या सुट्टीनंतर तिची चांदी सपाट यायला लागली. एकदा नाही, दर वेळी. सर खुर्चीतून उठून मायक्रोस्कोपपाशी आले, बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांनी तिची प्रिंट भिंतीवर लावली.

त्यानंतर मी काय काय केलं! ती ज्योत किती उंच ठेवते ते पाहिलं आणि तशीच ठेवली. ती मणी किती वेळ थंड होऊ देते, तेवढाच होऊ दिला. ती उजव्या हातानं तार सोडते म्हणून मीही उजव्या हातानं सोडली, मी डावरा असून. माझी चांदी मजल्यावर मजले चढवत राहिली. दुपारी ती डबा उघडून "घ्या ना दादा" म्हणायची आणि मी भूक नाही म्हणायचो. खोटं नसायचं ते. तिची प्रिंट बघितली की माझी भूक खरंच मरायची. तिचं इंग्रजी, तिचं हसणं, रविवारी तिला होस्टेलवर सोडायला येणारी तिच्या वडिलांची गाडी, यातलं काहीही मला पूर्वी खुपलं नव्हतं. आता सगळंच खुपायला लागलं.

शेवटी मी तिचा मणी मागितला.

"मणी? न्या की. विचारायचं काय त्यात?"

तिच्या मण्यावर माझ्या सेलमध्ये ढिगारेच आले. म्हणजे गोम मण्यात नव्हती. मग सेल मागितला. तिनं तोही दिला, वर हसून म्हणाली, "आता मलाच घेऊन जा, म्हणजे चौकशी संपंल." माझा मणी तिच्या सेलमध्ये सोडला, आणि सुईखाली पायऱ्या दिसल्या, स्वच्छ, सपाट. मी दोन्ही सेल शेजारी ठेवले. काच तीच, आम्ल एकाच बाटलीतलं, चांदी एकाच पुडीतली. फरक एकच होता. तिच्या झाकणावर शेंदूर होता. तेल ओघळून भोकाच्या कडेपर्यंत आलेलं होतं आणि आत जाणारी तार दर वेळी त्याला घासून जात होती.

बी.एस्सी.ला देगलूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांनी शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हे शिकवलं होतं. मी टाचणीनं झाकणावरचा जरासा खरवडला, आम्लात विरघळवला, त्यात पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाकला. परीक्षानळीत गर्द पिवळा साका उतरला. शिसं!

त्या दिवशी दुपारी मी चटणीभाकरी मागून खाल्ली. ती चकित झाली. माझ्या डोक्यात एकच शब्द वाजत होता : मळ. तिची सपाट चांदी म्हणजे मळाची करामत होती, आणि मळातून आलेला निष्कर्ष कुठलाही शास्त्रज्ञ उचलून बाजूला ठेवतो. मग उरणार होतं ते स्वच्छ काम. ते माझं होतं.

मी सरांना सांगितलं नाही. चर्चासत्रात प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला असतो, आणि तो मी लातूरसाठी राखून ठेवला.

लातूरला आम्ही सरांच्या गाडीतून गेलो. तिच्या वडिलांनी आधी घरीच जेवायला नेलं. त्यांचा डाळीचा व्यापार, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोकळं. मला आग्रह करकरून वाढत होते. "घ्या हो, लाजू नका. आमची लेक सांगती, दादांसारखं स्वच्छ काम अख्ख्या विभागात कोण करत न्हाई म्हणून." मी खाली बघून आमटी ओरपत राहिलो. तिला माझ्याबद्दल चांगलं बोलायचीसुद्धा सोय होती. जिंकणाऱ्याला असते.

आधी माझं भाषण झालं. मी ढिगारे दाखवले, त्यांची उंची दाखवली, काठाशी अणू का बिचकतो ते सांगितलं. बंगळुरूचे शास्त्रज्ञ पहिल्या रांगेत बसले होते, उतारवयाचे, शांत. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. टाळ्या रीतीपुरत्या पडल्या. मग ती उठली. तिची प्रिंट पडद्यावर भिंतीएवढी झाली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली, ती कौतुकाची होती. 

प्रश्नांची वेळ आली आणि मी हात वर केला.

"तुमच्या सेलमध्ये शिसं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "शिसं? कसं काय येईल, दादा?"

"झाकणावरचा शेंदूर. खंडेनवमीचा. मी तपासलाय. तो तारेबरोबर आत जातो."

मागच्या रांगांतून हशा उठला. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मारुतीराया पावला म्हणा की!" सर मान वळवून माझ्याकडं बघत होते. तिचा चेहरा उतरला, ओठ घट्ट झाले, आणि एक क्षण मला वाटलं की संपलं, बंगळुरू माझं. मग ती माइक जवळ घेऊन म्हणाली, "हो. तो मी पुसला नव्हता. आमच्यात पुसत नाहीत. दादा म्हणतात तर शिसं असणारच, त्यांची तपासणी चुकत नाही."

पहिल्या रांगेतले ते शांत गृहस्थ उभे राहिले. त्यांचा आवाज मात्र आता शांत नव्हता. ते इंग्रजीत बोलले, पण मला शब्द न् शब्द आठवतो. ते म्हणाले, शिशाचा अणू चांदीत मिसळत नाही, तो नेहमी सगळ्यांत वर तरंगत राहतो. चांदीचा अणू आला की शिसं त्याला खाली जागा करून देतं आणि स्वतः पुन्हा वर येतं. काठावरून उतरायची भीती त्यानं कमी होते, म्हणून थर भरतात. "पोकळीत आम्ही असं एका धातूच्या मदतीनं दुसरा धातू सपाट वाढवतो. पातळ आम्लात, इतक्या कमी शिशानं, इतकी सुंदर चांदी मी पाहिली नव्हती." मग ते माझ्याकडं वळले. "तुमच्या सेलमध्ये शिसं अजिबात नाही?"

"कणभरही नाही, सर." हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"मग तर फारच चांगलं. शिसं नसताना काय होतं, ते तुमच्याकडं तयार आहे." आणि ते तिच्याकडं वळले. "तुम्ही मोजून शिसं टाकून हे पुन्हा करून दाखवाल?"

"दाखवीन, सर. दादा मदत करतील."

सभागृहाच्या टाळ्या या वेळी पुष्कळ वेळ चालल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसणं शोभत नाही.

परतताना गाडीत सर म्हणाले, "बरं शोधलंस. मला आधी सांगितलं असतंस तर तुझ्याच नावानं मांडलं असतं." मी खिडकीबाहेर बघितलं. लोहा गाव मागं पडलं. मग तीच म्हणाली, "दादा, मामांना हे सांगायचं नाही हं. पुढच्या वर्षी ते आम्लातच शेंदूर ओततील." सर हसले. मलाही हसू आलं, आणि आलं म्हणून तिचा आणखी राग आला.

शिसं मोजून टाकायचं काम आम्ही दोघांनी केलं, माझ्या सेलमध्ये, कारण तो स्वच्छ होता. शिशाच्या क्षाराचा अगदी पातळ द्राव मी बनवला, मी टाकला, आणि माझ्या मण्यावर पहिल्यांदा सपाट चांदी आली. सुईखाली ती पायरी पायरीनं उलगडत गेली तेव्हा ती माझ्या खुर्चीमागं उभी होती. "दादा, बघा! बघा ना!" मी बघत होतो. इतकी वर्षं जे बघायला आलो होतो ते समोर होतं, आणि त्यावर तिचं नाव होतं. जे लेख झाले त्यात पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. माझ्या सगळ्या ढिगाऱ्यांना मिळून त्यात एक चित्र मिळालं. चित्राखाली दोन शब्द होते : शिसं नसताना.

उन्हाळ्यात ती बंगळुरूला गेली. मी प्रबंध सादर केला आणि देगलूरजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. घरातला मी पहिला पदवीधर. आई शेजारणींना सांगते, आमचा पोरगा सोन्यावर चांदी चढवतो, आणि त्या बिचाऱ्या मला दागिन्यांचे भाव विचारतात. मला कशाची कमी नाही. मी हे खरंच सांगतोय. ज्यांनी मला इथवर आणलं त्या कुणाविषयीही माझ्या मनात तक्रार नाही.

परवा दुपारी स्टाफरूममध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर टोपी, मागं स्टीलचं ते भांडं, नळ्यांनी आणि नटबोल्टांनी वेढलेलं, चित्रात होतं त्याहून मोठं.

"दादा, जेवलात का? थांबा, आत्ता चांदी सोडतीय. शिसं आधीच टाकलंय. तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून सगळ्यांना थांबवून ठेवलंय." आणि तिनं फोन हिरव्या पडद्याकडं वळवला.

पडद्यावर ठिपके होते. मधला हळूहळू मंद झाला. इतका मंद, की मला वाटलं गेला. मग तो उजळायला लागला, पुरा उजळला. एक थर. पुन्हा मंद, पुन्हा उजेड. दुसरा. शेजारी टेबलावर मराठीचे सर पेपर तपासत होते, त्यांनी काय आहे म्हणून डोकावलं. मी त्यांना हातानंच थांबवलं. तिथं कुणीतरी तिला काही विचारलं, ती हसून उत्तर देत होती, त्यांच्यातलीच एक झाल्यासारखी. तिसरा थर भरत आला होता, आणि नेमका तेव्हाच तिनं कुठलीतरी कळ फिरवायला हात पुढं केला. अर्धा पडदा झाकला गेला.

"हात," मी म्हणालो. "हात बाजूला घे."